पेटी गेली डॉर्सेटला

विलायतेत हमाली केली असं सांगणारा मराठी माणूस सहसा भेटत नाही. सत्तरच्या दशकात तिकडे गेलेल्या कुणालाही विचारा, तो 'ऑफिसात' होता. मीही पुष्कळ वर्षं 'ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये होतो' असं मोघम सांगून वेळ मारून नेली. पुण्यातल्या नातेवाइकांनी त्यातून आपापल्या सोयीचा अर्थ काढला. धाकट्या भावाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांना 'थोरला लंडनला रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर असतो' असं सांगण्यात आलं. थोरला त्या वेळी रात्री दोन वाजता मोटारींचे सायलेन्सर खांद्यावर घेऊन 'ब्रिस्टलची गाडी कुठली?' असं विचारत फलाटावर हिंडत होता.

गेलो होतो चार्टर्ड अकौंटंट व्हायला. परीक्षकांचं मत वेगळं पडलं. परत यायला तोंड नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या पंजाबी गृहस्थाने सांगितलं की पार्सल डेपोत रात्रपाळीला माणसं हवी आहेत, आणि इंग्रजी आलं नाही तरी चालतं. मला इंग्रजी येत होतं, हीच पुढे अडचण झाली.

कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिने माझं काही वाकडं केलं नाही. जे काही वाकडं झालं ते माझ्या हातून. नॅशनल फ्रेट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाच्या छपराखाली पार्सलं वाहणाऱ्या दोन बहिणी होत्या. एक जुन्या ब्रिटिश रोड सर्व्हिसेसची लेक, दुसरी ब्रिटिश रेल्वेच्या घरातून आलेली. त्यांतली कुठली तरी एक, एवढं पुरे.

सरकारी म्हटल्यावर माझा ऊर भरून आला होता. आमच्या घरात राष्ट्रीयीकरण हा सणावारात मोडणारा शब्द. जुलै १९६९ मध्ये इंदिराबाईंनी चौदा बँका ताब्यात घेतल्या त्या दिवशी वडिलांनी शाळेत पेढे वाटले. त्यांचं स्वतःचं खातं पोस्टात होतं, पण मुद्दा तत्त्वाचा होता. तेव्हा मी नोकरीला लागल्याबरोबर महामंडळाचा सगळा इतिहास ग्रंथालयात बसून वाचून काढला. ॲटलींच्या मजूर सरकारने १९४७ साली कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून मालवाहतुकीच्या खासगी कंपन्या एकामागून एक विकत घ्यायला सुरुवात केली. तीन हजारांहून जास्त धंदे सरकारजमा होऊन ब्रिटिश रोड सर्व्हिसेस उभी राहिली. कुणाकडे शंभर ट्रक, तर कुणाकडे एकच ट्रक आणि एक मेहुणा. उरलेल्या खासगी ट्रकवाल्यांना परवान्याशिवाय आपल्या गावापासून पंचवीस मैलांपलीकडे भाड्याचा माल नेता येईना. आपली एसटीही १९४८ चीच. १ जूनला पुणे-नगर पहिली गाडी सुटली. दोघींची पत्रिका एक, असं मी डेपोतल्या एका ड्रायव्हरला कौतुकाने सांगितलं. त्याने विचारलं, "तुमचीही तोट्यात आहे का?"

पुढे १९५१ मध्ये चर्चिल परत आले. १९५३ साली उलटा कायदा झाला आणि विकत घेतलेले ट्रक पुन्हा विकायला काढले. सुटे ट्रक खपले, पण पार्सलच्या जाळ्याला मनासारखी किंमत देणारं गिऱ्हाईक काही मिळेना. शेवटी १९५६ मध्ये विक्रीचा नाद सोडून उरलेलं सगळं सरकारने परत घरात घेतलं. एवढं वाचून मी एका रात्री चहाच्या सुट्टीत सगळ्यांना त्याचा सारांश सांगितला. फलाटावर पंचवीस वर्षं काढलेले लोक शांतपणे ऐकत होते. सांगून संपल्यावर एकाने विचारलं, "सिड, बाळा, तू उद्या पण येणार आहेस का?" सदाशिवचं सिड पहिल्याच रात्री झालं होतं.

आमचा फलाट भलामोठा, पत्र्याच्या छपराखाली, दोन्ही बाजूंनी उघडा. ट्रक मागचं तोंड फलाटाला लावून ओळीने उभे असत. दिवसभरात शहरातून गोळा झालेला माल संध्याकाळी एका बाजूला उतरायचा आणि पहाटेच्या आत दुसऱ्या बाजूच्या गाड्यांत चढायचा. नॉर्थम्प्टनचे बूट, शेफील्डचे सुरी-काटे, टायर, गालिच्यांच्या गुंडाळ्या, कॅटलॉगवरून मागवलेले कपड्यांचे खोके, गळणारे रंगाचे डबे. मधोमध एक म्हातारा उभा असे, कानावर खडूचा तुकडा. त्याच्या पुढ्यातून पार्सल सरकलं की तो लेबलावर एक नजर टाकायचा आणि खडूने आकडा ओढायचा. तो आकडा म्हणजे गाडीचा. नकाशा नाही, यादी नाही, चष्माही नाही. त्याने आकडा घातलेलं पार्सल मी चुकलेलं पाहिलं नाही. 'नाजूक' असं लाल अक्षरात लिहिलेले खोकेही बाकीच्या खोक्यांइतक्याच अंतरावर फेकले जात. तेवढं समाजवादी तत्त्व तिथे कसोशीने पाळलं जाई.

पहिल्या आठवड्यात मी राष्ट्राचं काम म्हणून असा काही जोर लावला की पहाटे चारलाच फलाट मोकळा झाला. युनियनच्या प्रतिनिधीने मला कोपऱ्यात नेलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो बापाच्या मायेने म्हणाला की तू जे दोन तास वाचवलेस ते बत्तीस घरांच्या ओव्हरटाइमचे होते. त्या दिवसापासून मला वेगाने चालायची परवानगी फक्त कँटीनच्या दिशेने होती.

आता पेटीकडे येतो.

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात माझी थोडी ऊठबस होती. मंडळ जुनं, १९३२ चं. तिथल्या एका काकांकडे अस्सल पुणेरी हार्मोनियम होती, डबल रीड. केंट परगण्यात राहणाऱ्या एका मराठी डॉक्टरांकडे गणपतीत शनिवारी नाट्यगीतांची मैफल ठरली आणि पेटी तिकडे पोचवायचा प्रश्न निघाला. काका आगगाडीने जाणार, पण पेटी उचलणं त्यांच्या कमरेला झेपणार नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "अहो, पार्सलात आपला माणूस आहे की!" बैठकीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आयुष्यात प्रथमच माझा वशिला लागणार होता. मी म्हणालो, "काळजीच सोडा काका, मी जातीने बघतो."

काकांनी पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून चहाच्या लाकडी खोक्यात बसवली, वर सुतळी बांधली आणि सुंदर, वळणदार अक्षरात पत्ता लिहिला: डॉक्टरांचं नाव, घर नंबर, रस्ता, गाव गिलिंगहॅम. परगणा लिहिला नाही. काका सदाशिव पेठेतले. पत्ता म्हणजे 'कुणालाही विचारा' अशी त्यांची समजूत. आणि १९७४ पर्यंत साऱ्या देशाला लागू झालेला पोस्टकोड ही पोस्टाची खासगी बाब आहे, तिच्याशी आपल्याला काय करायचं, असं माझं मत होतं. पोस्ट म्हणजे आमचे प्रतिस्पर्धी.

गुरुवारी रात्री खोका फलाटावर आला. सरळ खडूवाल्या म्हाताऱ्याच्या पुढ्यातून जाऊ दिला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण तसा गेला तर पुढे फेकला जाणार, आणि मी तर जातीने बघणार होतो. मी खोका रांगेतून बाजूला काढला, उचलून छातीशी धरला आणि रात्रपाळीच्या कारकुनाच्या खिडकीशी जाऊन विचारलं, "गिलिंगम कुठे येतं?"

त्याने मान वर न करता सांगितलं, "डॉर्सेट. सॉल्सबरीची गाडी."

त्याचं काही चुकलं नव्हतं. इंग्लंडात त्या स्पेलिंगची मोठी गावं दोन. डॉर्सेटमधल्या गावाला 'गिलिंगम' म्हणतात आणि केंटमधल्याला 'जिलिंगम'. मी 'ग' म्हणालो, मला 'ग' चं गाव मिळालं. मी स्वतः गाडीत चढून गालिच्यांच्या गुंडाळ्यांवर खोका बसवला, दोन्हीकडून टायरांचा टेकू दिला आणि दोरी आवळून काकांना सार्वजनिक फोनवरून कळवलं, "स्वतःच्या हाताने चढवली." रात्रीचे बारा वाजून गेले होते. काका झोपेतून उठून मला आशीर्वाद देत होते.

केंट आमच्या डेपोच्या पूर्वेला तास-दीड तासावर. पेटी रात्रभर पश्चिमेला धावत होती.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. पेटी पोचली नव्हती. मी म्हणालो, "अहो, गिलिंगमची गाडी वेळेवर सुटली आहे." ते म्हणाले, "कुठल्या?" मी पुन्हा म्हणालो. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग ते रुग्णाला वाईट बातमी सांगताना वापरतात त्या आवाजात म्हणाले, "आमच्या गावाला जिलिंगम म्हणतात."

शहाण्या माणसाने अशा वेळी सॉल्सबरीच्या डेपोला फोन लावला असता. पण फोन करायचा तर फोरमनला सांगावं लागणार, आणि फोरमनला सांगायचं तर रांगेतून खोका का काढला ते सांगावं लागणार. मी जास्त हुशारीचा मार्ग धरला. त्या रात्री माझी सुट्टी होती. सॉल्सबरीच्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा, त्याला गळ घातली: मला बरोबर ने, पहाटे तिथे खोका ताब्यात घेतो, शनिवारी सकाळच्या आगगाडीने परस्पर केंट गाठतो. प्रवासी बसवायला मनाई होती, पण गणपतीचं काम आहे म्हटल्यावर त्याने 'हा कोण साहेब' असंही न विचारता दार उघडलं.

तेव्हाच्या ट्रकच्या केबिनमध्ये दोन सीटच्या मधे इंजिन असे, वर पत्र्याचं झाकण. त्या झाकणाची ऊब एका बाजूला आणि दाराच्या फटीतला वारा दुसऱ्या बाजूला, त्यामुळे माणूस डावीकडून गारठायचा आणि उजवीकडून भाजायचा. बोलायचं तर ओरडून. ड्रायव्हरने मला ओरडून एक गोष्ट समजावली होती, हे मला नंतर आठवलं. रात्रीच्या लांब पल्ल्याला दोन गाड्या समोरासमोरून निघतात, अर्ध्या वाटेवर भेटतात, ड्रायव्हर आपसात गाड्या बदलतात आणि जो तो आपल्या गावी परत फिरतो. मालही पुढे जातो आणि दोघंही सकाळी आपापल्या बिछान्यात झोपतात. व्यवस्था इतकी साधी की ती जगात कुणालाही समजावी.

ए-३० रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांच्या कॅफेपाशी आम्ही थांबलो. आत धूर, तव्यावरच्या सॉसेजचा वास आणि खिडक्यांवर वाफ. मी टोस्टवर शिजवलेले घेवडे घेतले आणि मोठा मग भरून चहा. ड्रायव्हर पलीकडच्या टेबलावर कुणाशी तरी किल्ल्या आणि कागदांची अदलाबदल करत होता. मी घेवड्यांकडे लक्ष दिलं. तो उठला तसा मीही उठलो, त्याच्या मागोमाग अंधारात चालत गेलो, तो चढला त्या गाडीत चढलो. त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण इंग्रज माणूस दुसऱ्याच्या खासगी निर्णयात पडत नाही. दोन्ही गाड्या एकाच रंगाच्या, एकाच अक्षरांच्या. मी पाच मिनिटांत झोपलो.

जाग आली तेव्हा उजाडत होतं. ओळखीचं फाटक, ओळखीचं छप्पर. सगळे डेपो सारखेच बांधतात की, असा विचार मनात येतो न येतो तोच आमचा फोरमन हातात किटली घेऊन समोरून गेला. मी माणूस धरला होता. धरायला हवी होती गाडी.

"मला वाटलं तुझा विचार बदलला," ड्रायव्हर म्हणाला.

फोरमनच्या नजरेला पडू नये म्हणून मी खाली वाकून मागच्या बाजूने पळ काढला, घरी जाऊन अंथरुणात शिरलो आणि फोनचा रिसीव्हर काढून ठेवला.

मैफल झाली. काका पेटीशिवाय पोचले होते. डॉक्टरांच्या मुलाने शाळेतल्या रेकॉर्डरवर सा धरला. तो बिचारा श्वास घेण्यापुरता थांबे तेव्हा गाणंही थांबे, आणि अधूनमधून सवयीने त्याची बोटं एखाद्या इंग्रजी बालगीताकडे वळत, असं मला नंतर अनेकांनी अनेक वेळा सांगितलं.

सोमवारी रात्री कामावर गेलो तर खडूवाला म्हातारा माझी वाटच पाहत होता. शनिवारी पहाटे सॉल्सबरीकडून आलेली गाडी उतरवताना एका चहाच्या खोक्यातून कण्हण्याचा आवाज आला म्हणे. आत जिवंत जनावर आहे असं समजून सगळे लांब उभे राहिले. शेवटी त्यानेच पुढे होऊन लेबल पाहिलं. पश्चिमेच्या डेपोतल्या कुणीतरी शुक्रवारीच त्या नावाचा रस्ता आपल्या गावात नाही हे ताडून, निळ्या पेन्सिलीने 'केंट' लिहून, खाली तीन रेघा ओढून खोका त्याच रात्री परत लावला होता. म्हणजे कॅफेपासून डेपोपर्यंत काकांची पेटी माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होती. ती कण्हत होती आणि मी घोरत होतो. शनिवारी अर्धा दिवस, रविवार सुट्टी. सोमवारी दुपारी ती डॉक्टरांच्या दारात पोचली. तिला एक ओरखडाही नव्हता. सरकारी कंपनीने तिचं काम चोख केलं होतं. मधे फक्त आपला माणूस आला होता.

फोरमनला सगळं कळलंच. त्याने मला फलाटावरून हलवून कचेरीत बसवलं. मी घरी बढती म्हणून कळवलं. खातं होतं हरवलेल्या पार्सलांच्या तक्रारींचं, आणि त्या कामात मी चांगला निघालो. पार्सल नेमकं कुठल्या मार्गाने भरकटलं असेल हे मला जेवढं चटकन सुचे तेवढं कुणालाच सुचत नसे.

तिथेच १९८२ उजाडलं. थॅचरबाईंना महामंडळ विकायचं होतं, पण मंदीत शेअर बाजारात त्याला विचारणार कोण? तेव्हा पीटर थॉम्पसन या प्रमुख अधिकाऱ्याने वेगळीच टूम काढली: कर्मचाऱ्यांनीच कंपनी विकत घ्यावी. किंमत ठरली ५ कोटी ३५ लाख पौंड, आणि त्यातला मोठा भाग पेन्शन फंडाला पडलेलं भोक बुजवायलाच जाणार होता. शेअर एक पौंडाला एक. पैसे नसतील तर थोडं बिनव्याजी कर्जही मिळणार होतं.

आमच्या ड्रायव्हरांच्या मोठ्या युनियनचा विरोध होता. पण माझा विरोध अभ्यासपूर्ण होता. मी बी.कॉम.; ताळेबंद वाचू शकणारा कँटीनमधला एकमेव माणूस. मी पेन्सिल घेऊन कागदावर मांडून दाखवलं की ही कंपनी फार काळ तग धरणार नाही. शिवाय तत्त्वाचा प्रश्न होताच. कंपनी जनतेची, मी जनता. मग माझीच वस्तू मी पैसे मोजून का घेऊ? हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते घरीही म्हणून दाखवलं. बायको म्हणाली, "अहो, ते खडूवाले आजोबा सुट्टीचे साठवलेले पैसे घालताहेत म्हणे. आपणही थोडे घेऊ या." मी तिला समजावलं की त्यांना अर्थशास्त्र कळत नाही.

कर्मचारी, निवृत्त लोक आणि घरचे मिळून दहा हजारांच्या आसपास लोकांनी शेअर घेतले, कंपनीचा ८२.५ टक्के हिस्सा त्यांच्या नावावर झाला, बाकीचा बँकांच्या. १९८९ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली तोवर त्या एका पौंडाचे कित्येक पटींनी पैसे झाले होते. खडूवाल्या आजोबांनी समुद्रकाठी टुमदार घर घेतलं. मला गृहप्रवेशाचं बोलावणं आलं. जाताना पत्ता नीट विचारून घेतला आणि ट्रकऐवजी आगगाडीने गेलो. बायकोने परतीच्या प्रवासात एकदाच विचारलं, "बी.कॉम.ला कुठला क्लास मिळाला होता हो तुम्हाला?"

दोघी पार्सलवाल्या बहिणी पुढे लिंक्स या नावाखाली एकत्र आल्या आणि २००५ साली अमेरिकन यूपीएसकडे गेल्या. त्याच वर्षी मूळ महामंडळाचा वारसा सांगणारी एक्सेल कंपनी जर्मन पोस्टाने विकत घेतली. ज्या पोस्टाला मी प्रतिस्पर्धी समजत होतो ते निदान इंग्लंडचं होतं.

शेअर बाजाराविषयी सल्ला हवा असेल तर मी घरीच असतो. मी सांगेन त्याच्या उलट करावं. आणि इंग्लंडला कुणाला काही पाठवत असाल तर कृपा करून पोस्टकोड घाला. गिलिंगहॅमच्या बाबतीत 'एमई' ने सुरू होणारा कोड केंटचा आणि 'एसपी' चा डॉर्सेटचा.